मधले अकरा सेकंद

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
ज्या शेडमध्ये परवापर्यंत अठ्ठेचाळीस माग खडखडत होते,
तिथं आता पतसंस्थेचे सर्व्हर बसणार.
वरचे पत्रे तेच. खाली पांढरी फरशी घातली,
तरी झाडू मारला की कोपऱ्यातून
अजून सुताचा भुसा निघतो.

टेबलावर तीन कोटेशनं. मी टोपण चघळत बसलेली.

पहिलं शिशाच्या बॅटऱ्यांचं.
स्वस्त, अवजड, चार वर्षांनी बदलायच्या,
तेही खोली पंचविसावर राखली तर.
मे महिन्यातलं सोलापूर पंचविसावर राखायचं
म्हणजे आधी एसीलाच बॅकअप हवा.
हे कुठंच छापलेलं नाही.

दुसरं लिथियमचं. पुण्याच्या मुलानं
स्क्रीनवर हिरवी रेघ दाखवली, दहा वर्षं न वाकणारी.
बिघडलं तर?
‘चोवीस तासांत आमचा माणूस पोचेल.’
चोवीस तासांत हुतात्मा एक्सप्रेसनं
पुण्याला तीनदा जाऊन येता येतं.

तिसऱ्यात बॅटरीच नाही.
लोखंडाचं जड चाक, रात्रंदिवस फिरणारं.
वीज गेली की त्याच्या उरलेल्या वेगातून
पंधरा सेकंद करंट मिळतो.
तेवढ्यात जनरेटरनं उठायचं.

‘काय बघालाव, म्याडम?’
मल्लेशम गड्डम, तेव्हाचा जॉबर, आता इथलाच वॉचमन.
चित्र त्यानं हात लांब धरून पाहिलं.
‘हे आमच्या मागाला होतं की.
लाईट गेली तर माग लगेच थांबत नाही बघा,
दोन फेऱ्या अजून मारतोय.
तेवढ्यात धोटा घरात घ्यायचा.
मध्येच अडकला, की ताण्याचे दोनशे धागे तुटले.’

मग माझ्या रॅककडं बोट करून,
‘ह्यांचा धोटा घरी यायला किती वेळ लागतो?’

साडेतीन महिने झाले, तीन कंपन्यांचे सहा लोक,
हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
मीसुद्धा.

विडी वळून उठलेली बाई पिग्मीचे वीस रुपये देते,
एजंटच्या यंत्रातून पावती निघते,
आणि इकडं नोंद अर्धी आत, अर्धी बाहेर.
सगळं मिटून नीट झोपायला
सर्व्हरना सहा मिनिटं लागतात. मी मोजली.

मग दस्तगीरला बोलावलं.
दुपारी दोनला मेन स्विच खाली ओढला.
पंखे थांबले. पत्रा तडतडताना ऐकू आला.
आठ. नऊ. दहा.
अकराव्याला जनरेटरनं घसा खाकरला.
‘परत एकदा,’ मी म्हटलं.
दुसऱ्यांदा सदतीस लागले.
दस्तगीर जनरेटरकडं बघत राहिला, माझ्याकडं नाही.
‘डिसेंबरच्या पहाटेला तर बोलूच नका, ताई.’

चाक सुंदर होतं. पण चाकाचा भरवसा
पहिल्या सेल्फवर.

मी शिसं लिहिलं. दोन वेगळ्या ओळी,
एक दमली तर दुसरी उभी,
वर त्या खोलीपुरता स्वतंत्र एसी.
एकूण आकडा मग स्वस्त राहिला नाही.
कारणांच्या रकान्यात लिहिलं :
दुरुस्त करणारा माणूस इथून दोन किलोमीटरवर राहतो
आणि रात्री फोन उचलतो.
चेअरमनसाहेब हे खोडणार.
बैठक गुरुवारी आहे.

निघताना मल्लेशमच्या खांद्यावरचा टॉवेल दिसला,
धुऊन धुऊन विरलेला, मध्ये आडवी
बोटभर दाट पट्टी.
‘डिझाईन आहे?’
‘नाही हो. इथं लाईट गेलती.’
साल आठवत नाही म्हणाला.
कांडी हिरवी होती, एवढं आठवतं.